कोरड्या दिवसांची मतपत्रिका

रायपूर : 18 डिसेंबरला, गुरू घासीदास जयंतीला, छत्तीसगडमधील दारूची दुकाने बंद असतात. या बंदीला आशय आहे. 1756 मध्ये गिरौदपुरीत जन्मलेल्या घासीदासांनी सतनामी अनुयायांना घालून दिलेल्या नियमांत मद्यत्याग ठळक आहे. बुद्धाच्या पंचशीलातील पाचवे शीलही मद्यत्यागाचेच. ऑक्टोबर 1956 मध्ये नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांतही तो आहे. तरीही बुद्धपौर्णिमेला या राज्याच्या ‘ड्राय डे’च्या यादीत घासीदास जयंतीइतके पक्के स्थान मिळालेले नाही. रायपूर महापालिका बुद्धपौर्णिमेला मांसविक्री मात्र बंद ठेवत आली आहे. मांसाहाराविषयी बौद्ध परंपरांत मतभेद आहेत, मद्याविषयीचे शील स्पष्ट आहे. प्रशासनाने नेमके उलटे टोक पकडले.

कारण धर्मशास्त्रात शोधण्याची गरज नाही. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात बौद्ध सुमारे 70 हजार, तर अनुसूचित जाती सुमारे 12.8 टक्के, आणि त्यांत सतनामी समाज मोठा. विधानसभेच्या 90 पैकी 10 जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. कोरड्या दिवसांची यादी ही अशी एक प्रकारची मतपत्रिकाच असते. 22 जानेवारी 2024 रोजी, अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी, विष्णुदेव साय सरकारने राज्यभर मद्यविक्री बंद ठेवली, तीही याच न्यायाने.

अशा सुट्ट्यांना विरोध करताना पर्यटनाचा दाखला हमखास दिला जातो. मो. गं. दीक्षित यांनी 1950 च्या दशकात उत्खनन केलेल्या सिरपूरच्या विहारांकडे बौद्ध देशांतील प्रवासी वळावेत, ही राज्याची जुनी इच्छा. त्यांना एक दिवस मद्य मिळाले नाही तर काय, असा प्रश्न होतो. पण श्रीलंकेत दर पौर्णिमेला, पोयाच्या दिवशी, मद्यविक्री बंद असते. तिथून येणाऱ्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. थायलंडमध्ये पाच बौद्ध सणांना बंदी होती. मे 2025 मध्ये, विशाखा पूजेच्या तोंडावर, तेथील सरकारने आंतरराष्ट्रीय विमानतळ, हॉटेले व परवानाधारक मनोरंजनस्थळांना सवलत दिली. कोपऱ्यावरच्या दुकानाला ती मिळाली नाही.

दिल्लीचा अनुभव याच जातीचा आहे. तेथे 2021-22 च्या अबकारी धोरणात 21 कोरडे दिवस 3 वर आणले गेले. धोरण गुंडाळले गेल्यावर सप्टेंबर 2022 पासून जुनी पद्धत परतली आणि बुद्धपौर्णिमाही यादीत आली. राष्ट्रीय दिवस वगळता, तारांकित हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला खोलीत मद्य मिळण्याची मुभा मात्र ठेवलेली होती. म्हणजे ज्या ‘पाहुण्या’च्या नावाने गळा काढला जातो, त्याची सोय बहुधा झालेली असते. उरला तो उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांतील परप्रांतीय कामगार. तो कोचियाकडे जातो आणि चढ्या भावात, काय आहे याची खात्री नसलेली बाटली घेतो. कोरड्या दिवसाची खरी किंमत इथे मोजली जाते. तिची गणना कोणी करीत नाही.

हा पेच राज्यघटनेइतकाच जुना आहे. 24 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत दारूबंदीच्या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर यांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या भूमिकेतून, तर जयपालसिंग यांनी आदिवासींच्या धार्मिक विधींचा हवाला देऊन विरोध केला. डॉ. आंबेडकरांनी उत्तरात हे मार्गदर्शक तत्त्व आहे, राज्यांवर तशी सक्ती नाही, याकडे लक्ष वेधले. आजचा अनुच्छेद 47 तो हाच. ज्या राज्यात मोहाची दारू पूजेत लागते, तेथे जयपालसिंगांचा आक्षेप अजून शिळा झालेला नाही.

त्या सक्तीच्या अभावाचा लाभ राज्यांनी मनमुराद घेतला. बिहारने एप्रिल 2016 मध्ये संपूर्ण दारूबंदी आणली, आणि बोधगयाही तिच्यात आले. छत्तीसगडने एप्रिल 2017 पासून किरकोळ विक्रीच सरकारी महामंडळाकडे घेतली. काँग्रेसने 2018 च्या जाहीरनाम्यात दारूबंदीचे आश्वासन दिले. पाच वर्षांच्या सत्तेत ते पाळले नाही. गल्ल्यावर स्वतः बसलेले सरकार एखाद्या गुरूच्या सन्मानार्थ दुकान बंद ठेवते, तेव्हा तो संयम असतो की दुकानाची साप्ताहिक सुट्टी, हे ठरविणे अवघड होते.

म्हणून बुद्धपौर्णिमेची मागणी उद्या पुढे आलीच तर ती पर्यटन खात्याच्या मेजावर तोलली जाऊ नये. डोंगरगडच्या प्रज्ञागिरीवर दर फेब्रुवारीत भरणाऱ्या मेळाव्याला विदर्भातून लोक येतात. ते पाहुणेच आहेत, आणि त्यांना बंदीचा जाच होणार नाही. राजनांदगाव-भिलाईच्या बौद्ध वस्त्यांतील बायकांना विचारले, तर एका दिवसाच्या बंदीपेक्षा वस्तीलगतचे दुकान हलवा, असे उत्तर येण्याचा संभव अधिक. त्या उत्तरासाठी अबकारी धोरणात रकाना नाही.