फासा टाकण्याआधी

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. या खेळात सोंगटी घरात नेऊन जिंकायचे नसते. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो आणि सूत्रधार त्यांच्यापुढे एकेक प्रसंग उभा करतो. आपले पात्र काय करणार, हे खेळाडूने तोंडाने सांगायचे. ते साधेल की नाही अशी शंका असली, तर फासा टाकायचा. ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि लोकांवर छाप पाडण्याची शक्ती असे सहा गुण प्रत्येक पात्राला आकड्यांत दिलेले असतात.

रॉबिन लॉज यांच्या 'हिरोक्वेस्ट' (२००३) या खेळात अशी ठरावीक यादी नाही. खेळाडू आपल्या पात्राचे गुण स्वतःच्या शब्दांत लिहितो. एखाद्याशी असलेले नातेसुद्धा तेथे गुण म्हणून चालते. मग पेचप्रसंगी यांतला कोणता गुण वापरायचा? नवशिका खेळाडू पानावरचा सर्वांत मोठा आकडा शोधतो. माझ्या मते खेळ बिघडतो तो नेमका येथेच.

समजा, तुमच्या पात्राचे गुण असे आहेत: तलवारबाजी १७, गोड बोलणे १३, वल्हवणे ११. रात्रीची वेळ आहे, नदीला पाणी चढले आहे आणि म्हातारा नावाडी नाव सोडायला तयार नाही. फासा वीस फलकांचा. गुणाचा आकडा किंवा त्याहून कमी पडला तर यश. (समोरच्या बाजूनेही फासा टाकला जातो, पण तो हिशेब तूर्त बाजूला ठेवू.) तलवारबाजीने यशाची शक्यता २० पैकी १७, म्हणजे शेकडा ८५, गोड बोलण्याने शेकडा ६५. खेळाडू म्हणतो, "मी तलवारबाजी वापरतो!"

सूत्रधाराने येथे एकच प्रश्न विचारावा: "कशी?"

"तलवारीचे हात करून दाखवतो. तो खूश होईल." हे ओढूनताणून आणलेले उत्तर झाले. 'हिरोक्वेस्ट'च्या २००९ च्या आवृत्तीत अशा वापराला दंड आहे; आकडा कमी करून मगच फासा टाकायचा. समजा ६ वजा केले. उरले ११, म्हणजे शेकडा ५५. आता साधे गोड बोलणेच वरचढ ठरते! हा नियम मला फार आवडतो, कारण तो दार बंद करीत नाही, फक्त उंबरठा उंच करतो.

पण खेळाडू म्हणाला, "तलवार त्याच्या गळ्याला लावतो," तर? तलवारबाजी आता प्रसंगाला शोभते, दंडाचे कारण नाही. मात्र प्रसंगच बदलला. नावाडी पलीकडे सोडील, पण परतीच्या वेळी नाव मिळेल का? आणि फासा उलटला तर त्याची मुले वल्ही घेऊन धावतील. गोड बोलणे फसले असते, तर फार तर रात्र काठावर काढावी लागली असती. गुण निवडताना यशाची शक्यता तर ठरतेच, पण हरलो तर काय गमवायचे हेही ठरते. ही दुसरी बाजू बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

आता तिसरा खेळाडू पाहा. तो म्हणतो, "बाबा, तुमचे हात थकले असतील. एक वल्हे मी धरतो." आकडा ११, शक्यता शेकडा ५५, दंड लावलेल्या तलवारीइतकीच. तरी मी हीच निवड पसंत करीन. म्हाताऱ्याची अडचण काय आहे, हे त्या एकट्याने ओळखले.

शिक्षकांना एक सांगावेसे वाटते. वर्गात हा खेळ घेतलात, तर योग्य गुण आधीच मनात ठरवून ठेवू नका. काहीही चालवून घेणारा सूत्रधार एक वेळ परवडला. पण "येथे गोड बोलणेच हवे होते" असे म्हणणारा सूत्रधार मुलांना विचार करायला नव्हे, आपल्या मनातले ओळखायला शिकवतो. गणितातही दुसऱ्या रीतीने सोडवलेल्या उदाहरणावर काट मारणारे असतातच.

वीस फलकांचा फासा मिळाला नाही तरी अडत नाही. १ ते २० आकड्यांच्या सारख्या चिठ्ठ्या करून डब्यात टाका, डबा हलवा आणि न पाहता एक उचला. उचललेली चिठ्ठी मात्र दर वेळी परत डब्यात टाकायची. तेरापर्यंतची एक चिठ्ठी बाहेर राहिली, तर पुढच्याला २० पैकी १३ ऐवजी १९ पैकी १२ चीच संधी मिळेल. शेकडा ६५ चे ६३ होतील आणि भांडण डब्यावरून सुरू होईल.