नुसतं बसायचं तिकीट

परवा चुलतभावाचा फोन आला. "दिवाळीला सगळे एकत्र येतोयच, तर नऊ-दहा दिवस फिरून येऊ. मधला एक दिवस थीम पार्क. तिकिटांचं तू बघ, तुझं एक्सेल चांगलं आहे." आमच्या घरात आयटीवाल्याचा उपयोग एवढाच. प्रिंटर रुसला की मी, रेल्वेचं बुकिंग असलं की मी. असो.

तर शनिवारी कोल्हापुरात, रंकाळ्यावर चक्कर मारून, पोहे हाणून लॅपटॉप उघडला. पार्कांच्या तिकिटांचे जे पर्याय समोर आले ते बघून मला आमच्या क्लायंटच्या प्रायसिंग मोड्यूलची आठवण झाली. आठवड्यातलं तिकीट वेगळं, शनिवार-रविवारचं वेगळं, सणासुदीचं आणखी वेगळं. जेवणासकट, जेवणाशिवाय. कॉलेजचं आयकार्ड असेल तर सूट, आधी बुक केलं तर सूट, साठीच्या पुढच्यांना सूट. लहान मुलांचा दर वयावर नाही, उंचीवर. आणि सगळ्यात वर, रांग टाळायची असेल तर फास्ट ट्रॅक. माणसाच्या जेवढ्या म्हणून जाती पाडता येतील तेवढ्या पाडल्यात. फक्त एक जात मला सापडेना. जो माणूस एकाही राइडमध्ये बसणार नाही, नुसता नातवंडांना बघायला येणार आहे, त्याचं तिकीट कुठलं?

हा प्रश्न मला उगीच पडलेला नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही अकरा जण असेच एका मोठ्या पार्कात गेलो होतो. (नाव सांगत नाही, मुद्दा त्या एका पार्काचा नाहीच.) आज्जी, आई, बाबा, काका, काकू, आत्या, दादा, वहिनी, त्यांची चिमी, माझी बायको आणि मी. माणशी दीड हजार, वर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 270. मीच हौसेनं 'संख्या 11' टाकून पैसे भरले होते.

आज्जी गेटवरच म्हणाली, "आरं, मी काय त्या चक्रात बसायची हाय व्हय? मला कशाला तिकीट? मी बसते की हितंच झाडाखाली." तिथे झाड नव्हतं. पार्किंगचा डांबरी पट्टा होता आणि ऊन मे महिन्याचं. गाडीत बसवून ठेवणार का म्हातारीला? म्हणून तिकीट.

आत गेलो तर पहिल्याच मोठ्या राइडच्या तोंडाशी पाटी: हृदयविकार असलेल्यांनी, रक्तदाब असलेल्यांनी, पाठीचं-मानेचं दुखणं असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी बसू नये. मी ती पाटी वाचली आणि मला आमच्या घराची हजेरी वाचल्यासारखं झालं! बाबांची अँजिओप्लास्टी झालेली. आईला आणि काकूला बीपी. आत्याच्या कमरेला पट्टा. वहिनीला पाचवा महिना. आज्जीचे गुडघे तर पाटीवर लिहायचीही गरज नव्हती. अकरापैकी सहा जणांना त्या पाटीनं बाद केलं. आणि ही पाटी तिकिटाच्या खिडकीवर नव्हती. पैसे भरून, बॅग तपासून, घरून आणलेल्या दशम्या आणि चटणी गेटवर जमा करून आत आल्यावर होती.

ज्येष्ठांची सूट धरूनही त्या सहा जणांचे नऊ हजारांच्या वर गेले. कशासाठी? बाकावर बसण्यासाठी.

आता गैरसमज नको. पाटी बरोबरच आहे. ती असायलाच हवी. सुरक्षिततेच्या बाबतीत ही पार्कं जत्रेतल्या पाळण्यापेक्षा कितीतरी बरी, आणि त्याचे पैसे द्यायला माझी ना नाही. माझं भांडण एवढंच आहे की ज्याला तुम्ही स्वतःच बसू देणार नाही, त्याच्याकडून बसण्याचे पैसे का घेता?

ऑफिसात हा विषय काढला तर एक मित्र म्हणाला, "अरे, ती अनलिमिटेड थाळी आहे. तू कमी जेवलास तर हॉटेलवाला काय करणार?" ठीक. आपण कोल्हापूरकर, थाळीवर बोलू. मी कमी जेवलो तर माझी चूक, मान्य. पण समजा संकष्टीला घरचे सगळे मटण थाळीच्या हॉटेलात गेलो, आज्जीही सोबत आली आणि तिनं शेजारी बसून नुसतं लिंबू सरबत घेतलं. तिच्याकडून थाळीचे, तेही तांबडा-पांढरा अनलिमिटेड धरून पैसे मागणारा हॉटेलवाला मला अजून भेटायचा आहे. भेटला तर हॉटेल किती दिवस चालतंय तेही बघू.

दुसरा म्हणाला, खर्च फिक्स असतो. राइड एकाने फिरवा नाहीतर वीस जणांनी, वीज तेवढीच, ऑपरेटर तेवढेच. हेही खरं. पण मग बाग, सावली, संडास, सुरक्षारक्षक, बँडवाले यांचे म्हणून तीन-चारशे घ्या की. आनंदाने देऊ. प्रवेश वेगळा आणि राइड वेगळी, एवढंच तर म्हणतोय.

आणि ही काही मी लावलेली शोध-बिध नाही. आपल्या जत्रा पिढ्यानपिढ्या अशाच चालत आल्यात. टेंबलाईच्या जत्रेत शिरायला तिकीट नाही. पाळण्यात बसलास तर पाळण्याचे पैसे दे, नाहीतर भेळ खा आणि बघ. परदेशातलं उदाहरण दिल्याशिवाय आपल्याला पटत नाही, म्हणून तेही देतो. कोपनहेगनचं टिव्होली 1843 सालापासून आहे. तिथे आजही नुसतं प्रवेशाचं तिकीट मिळतं, राइडचे पैसे वेगळे. आजोबांनी बागेत बसायचं, नातवानं किंचाळायचं. खुद्द डिस्नेलँड 1955 मध्ये उघडलं तेव्हा प्रवेश वेगळा आणि राइडची कुपनं वेगळी होती. ए, बी, सी अशी कुपनांची पुस्तकं त्याच वर्षी निघाली, 1959 मध्ये सगळ्यात भारी राइडसाठी 'ई' आलं, आणि 1982 मध्ये हे सगळं बंद करून एकच सरसकट तिकीट केलं. जगाने तेवढं मात्र लगेच उचललं.

"प्रत्येक राइडचा हिशोब ठेवणं कटकटीचं आहे" असं याच्यावर ठेवणीतलं उत्तर असतं. हे उत्तर 1982 मध्ये चाललं असतं. आज? आज जिथे मनगटावर पट्टा बांधतात, जिथे आतल्या खाण्याचे पैसे कार्डातून कापले जातात, तिथे कुणी किती वेळा काय केलं हे मोजणं म्हणजे आमच्या टीमचं दोन स्प्रिंटचं काम आहे, तेही टेस्टिंग धरून. आणि मोजतातच की! फास्ट ट्रॅक म्हणजे दुसरं काय? कुणी कुठली रांग मोडायचे पैसे भरलेत ते गेटवर बरोबर कळतं. डिस्नेने 1999 मध्ये हीच सोय फुकट सुरू केली होती, 2021 पासून तिचे पैसे घेतात. म्हणजे जास्त घ्यायचं असेल तेव्हा यांना माणूस-माणूस मोजता येतो, कमी घ्यायचं असेल तेव्हा मात्र सिस्टीममध्ये सोय नाही. असं उत्तर मी क्लायंटला दिलं तर पुढच्या अप्रेझलला काय होईल ते सांगायला नको. :-)

नऊ हजार गेले त्याचं दुःख आता राहिलेलं नाही. राहिलंय ते दुसरंच.

आज्जी त्या दिवशी बाकावर बसून दर तासाला विचारत होती, "किती झालं रं समद्यांचं पैसं?" मी टाळत होतो. शेवटी चिमीनं आकडा सांगून टाकला. त्यानंतर आज्जी बाकावर स्वस्थ बसेना. "एवढं पैसं भरल्यात, कशात तरी बसायला नको व्हय?" म्हणून तिनं एका संथ चालणाऱ्या बोटीचा हट्ट धरला. बोट संथ होती, पण तिथवर जायला जिना होता. एका बाजूने मी, एका बाजूने दादा, अशी ती वर चढली. बोटीत तिला मजा आली का? माहीत नाही. ती सगळा वेळ कठडा घट्ट धरून बसली होती. रात्री दोन्ही गुडघे सुजले, आणि पुढचे तीन दिवस ती हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडली नाही. सहल आठ दिवसांची होती. वर दोन-तीनदा म्हणालीच, "माझ्यापायी पैसं वाया गेलं."

तिच्यापायी? मी 'संख्या 11' टाकलं होतं. आपण सत्तावीस-अठ्ठावीसचे, पाठ-मान-हृदय सगळं शाबूत. आपल्याला परवडेल आणि झेपेल ते पॅकेज आपण अख्ख्या घराला लावतो, आणि मग 'पैसा वसूल झाला का' हे ओझं नेमकं ज्यांनी काही मागितलंच नव्हतं त्यांच्या डोक्यावर जातं. पार्कवाल्यांना मी शिव्या देईनच, पण ते बटण दाबणारा हात माझाच होता.

म्हणून या वेळी एक्सेलमध्ये पहिला कॉलम दराचा नाही. पहिला कॉलम: 'बसणार का?' तो घरातल्या प्रत्येकाला फोन करून भरला. दादा, वहिनी, चिमी, बायको, मी. पाच तिकिटं. काका अजून विचार करतायत.

जायचं खोपोलीच्या इमॅजिकाला. ते निवडायचं मोठं कारण म्हणजे ते खोपोली-पाली रस्त्यावर आहे. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक, पुढे पालीचा बल्लाळेश्वर, अष्टविनायकातले दोन त्याच भागात. सकाळी आम्ही पार्कात उतरायचं, दुसरी गाडी आज्जी, आई-बाबा, काकू, आत्या आणि दीड वर्षाच्या धाकट्याला घेऊन महड, मग पाली, दुपारी कुठेतरी निवांत जेवण, संध्याकाळी आम्हाला घ्यायला परत. फास्ट ट्रॅक घेणार नाही, रांगेत उभं राहू. दशम्या या वेळी देवळाच्या गाडीतून जातील, गेटवर जमा होणार नाहीत.

हे सगळं घरच्या ग्रुपवर टाकलं. आईच्या फोनवरून आज्जीचा व्हॉइस मेसेज आला, "देवळात तिकीट न्हाई न्हवं?"

चिमीचं मात्र अजून ठरत नाही. पोरगी उन्हाळ्यात सटासट वाढली. दिवाळीपर्यंत तिला मुलांचा दर लागेल की मोठ्यांचा, म्हणून वहिनी दर रविवारी दाराच्या चौकटीवर पेन्सिलची रेघ मारून बघतेय.