पडद्यावरचा समुद्र आणि खरा समुद्र

दर्यावर्दी माणसाच्या हातातील कागदी चार्ट आता मागे पडत चालला आहे. अमेरिकेने आपले पारंपरिक कागदी सागरी चार्ट बंद करण्याचा निर्णय २०१९ मध्ये जाहीर केला आणि २०२४ च्या अखेरीस ते काम पुरे केले. ब्रिटननेही २०२२ मध्ये तसाच मनोदय जाहीर केला. मात्र नाविकांची अडचण ध्यानात घेऊन मुदत निदान २०३० पर्यंत वाढवावी लागली. मोठ्या व्यापारी जहाजांना पडद्यावरील चार्टची यंत्रणा बाळगणे २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. लहान बोटींवर अशी सक्ती नाही. पण एक लॅपटॉप, जीपीएसचा छोटासा ग्राहक आणि ओपनसीपीएनसारखी फुकट मिळणारी प्रणाली एवढ्यावर कोणालाही आपली होडी नकाशावर सरकताना पाहता येते. ही सोय मोठी आहे. तिच्यावर किती विसंबावे, हा प्रश्न मात्र आपल्या बेटावरील प्रत्येक कुटुंबाचा आहे, कारण त्याची किंमत आपण मोजलेली आहे.

पहिले उदाहरण सेंट ब्रँडनचे. आपल्या बेटाच्या ईशान्येस सुमारे ४३० किलोमीटरवर ही प्रवाळाची रांग आहे. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतील ‘टीम वेस्टास विंड’ ही नौका केपटाऊनहून अबूधाबीकडे जाताना रात्रीच्या अंधारात भर वेगाने या खडकांवर चढली. नौकेवर निष्णात नाविक होते, उत्तम संगणक होते, आणि जीपीएस त्यांना त्यांची जागा अचूक सांगत होता. पण पडद्यावरील चार्ट पुरेसा मोठा करून कोणी पाहिला नव्हता. दूरच्या दृश्यात तेथे फक्त थोडे उथळ पाणी दिसत होते. सुमारे ५० किलोमीटर लांबीची प्रवाळरांग त्या दृश्यात आपला धोका सांगत नव्हती. पुढे झालेल्या चौकशीत नाविकांच्या या हलगर्जीबरोबरच, लहान प्रमाणाच्या चार्टवर धोका नीट दाखवला जात नाही हा दोषही नोंदवला गेला. नऊही जण वाचले, हे त्यांचे नशीब.

दुसरे उदाहरण सांगण्याची गरज नाही, तरी आठवण ठेवण्याची आहे. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ हे सुमारे ३०० मीटर लांबीचे जहाज पोइंत देस्नीच्या प्रवाळावर चढले. ६ ऑगस्टपासून तेल वाहू लागले आणि सुमारे १,००० टन तेल माहेबूर्गच्या परिसरातील लगूनमध्ये पसरले. जहाज भाड्याने घेणाऱ्या जपानी कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार, किनाऱ्यापासून २२ सागरी मैलांवरून जाण्याचा बेत आधी ५ मैलांवर व मग २ मैलांवर आणला गेला. कारण काय, तर मोबाईल फोनचा संपर्क मिळावा! त्यासाठी जो चार्ट पाहिला तो पुरेशा प्रमाणाचा नव्हता, आणि डोळ्यांनी व रडारने पाळत ठेवण्यातही कसूर झाली. शेवटी किनाऱ्यापासून ०.९ मैलावर, दहा मीटर खोल पाण्यात जहाज रुतले. कप्तान व पहिला अधिकारी यांना डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षा झाली. परंतु उसाच्या पाचटाचे तराफे करून तेल अडवणाऱ्या लोकांचे आणि जाळे टाकू न शकलेल्या मच्छीमारांचे नुकसान त्याने भरून आले नाही.

दोन्ही अपघातांत चार्टच नव्हता असे नाही. चार्ट होता, पण योग्य प्रमाणाचा चार्ट कोणी पाहिला नाही. मर्म येथेच आहे. दहा लाखास एक या प्रमाणात नकाशावरील एक मिलिमीटर म्हणजे समुद्रातील एक किलोमीटर. पंचवीस हजारास एक या प्रमाणात तोच मिलिमीटर अवघा पंचवीस मीटर. कागदावर हा फरक हातातल्या कागदाने स्वतःच सांगितला जाई. पडद्यावर मात्र बोटाच्या एका चिमटीने प्रमाण बदलते, आणि काय गाळले गेले ते पाहणाऱ्याला कळतही नाही. उलटही खरे आहे: चार्ट ज्या प्रमाणासाठी बनवला त्यापलीकडे कितीही मोठा केला, तरी नवी माहिती मिळत नाही, फक्त जुनीच मोठी दिसते आणि खोटा दिलासा देते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. जीपीएस होडीची जागा काही मीटरांच्या आत सांगतो. पण तळाची मोजणी कधी व कशी झाली, ते तो सांगत नाही. जुन्या मोजण्या शिशाचा ओळंबा सोडून झालेल्या असतात. वादळानंतर लगूनमधील वाळू सरकते. म्हणून नवी सर्वेक्षणे लागतात. या कामी भारताचे साह्य मोलाचे ठरले आहे: भारतीय नौदलाच्या ‘सर्वेक्षक’ जहाजाने २०२४ च्या अखेरीस आपल्या पाण्याचे मोठे सर्वेक्षण पुरे केले, आणि मार्च २०२५ मध्ये सेंट ब्रँडनचा चार्ट भारताने आपल्या सरकारकडे सुपूर्द केला. ज्या खडकावर २०१४ ची नौका आपटली, त्याच प्रदेशाचा हा चार्ट आहे. पण चार्ट हाती आला म्हणजे तो वाचता आला, असे नव्हे.

म्हणून लॅपटॉप टाकून द्या असे कोणी म्हणणार नाही. जो वापरील त्याने काही नियम पाळावेत. निघण्यापूर्वी संपूर्ण वाट टोकापासून टोकापर्यंत मोठी करून तपासावी. चार्टची सुधारित प्रत कधीची आहे ते पाहावे. खारे पाणी, ऊन आणि संपलेली बॅटरी यांचा भरवसा नसल्याने कागदी चार्ट व होकायंत्र जवळ ठेवावे. लगूनमध्ये शिरताना पाण्याचा रंग आणि लाटेचा फेस यांनाच अखेरचा शब्द द्यावा. आपले पिरोगवाले लायन माउंटनसारखे शिखर आणि किनाऱ्यावरची एखादी खूण एका रेषेत धरून वाट काढत आले. ती विद्या जुनी झालेली नाही, ती यंत्राची तपासणी करणारी आहे.

येथे शिक्षणाचा प्रश्न येतो. नकाशाचे प्रमाण हा शाळेतील भूगोलाचा धडा आहे. बेटावरच्या मुलाला तो आपल्या लगूनच्या चार्टवरून शिकवला तर जन्मभर ध्यानी राहील. मच्छीमार आणि पर्यटकांना नेणारे बोटवाले यांना पडद्यावरील चार्टचे शिक्षण क्रेओलमध्ये, होडीवरच दिले पाहिजे. यंत्र विकत घेणे सोपे आहे, ते वाचणारा माणूस घडवायला वेळ लागतो. कोकणच्या किनाऱ्यावरून आपले पूर्वज या बेटावर आले ते समुद्र ओलांडून. त्यांच्या नातवंडांना भोवतालचा समुद्र वाचता येऊ नये, ही गोष्ट आपल्या समाजाला शोभणारी नाही. मंडळांनी आणि शाळांनी हे काम आतापासूनच हाती घ्यावे.