पाहुणा तीन आठवड्यांचा

‘फक्त बूस्टरपर्यंत हं!’ असं शेल्टरवाल्या ताईंना बजावून मी बंड्याला घरी आणलं. वय दीड महिना, अस्सल देशी. शेल्टरच्या गर्दीत पार्व्हो झपाट्याने पसरतो, म्हणून पिल्लांना असं तात्पुरतं घर हवं असतं. पहिली रात्र तो रडला, मी जागी. एक डेडलाइन हुकली, दोन चपला गेल्या. सोसायटीचे काका नियम सांगायला आले. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, हे ऐकून चहा पिऊन गेले.

मग बंड्याला कायमचं घर मिळालं. गाडीत बसताना त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. मी मात्र जिन्यात बसून रडले. ‘ठेवून घ्यायचंस ना!’ सगळे म्हणाले. पण मग पुढच्याला जागा कुठली?

काल ताईंचा फोन आला. मी चपला कपाटात ठेवल्यात.