गांधाराची तार

गेल्या श्रावणात एका सायंकाळी आमचा एक जुना विद्यार्थी निथळती छत्री घेऊन दारात उभा राहिला. काखेत मेणकापडात गुंडाळलेली लांबट पेटी होती. लोंढ्याहून धारवाडकडे ज्यांनी पावसाळ्यात प्रवास केला आहे, त्यांना अळणावरचा पाऊस ठाऊक असेल. अशा पावसात वाद्य घेऊन कोणी बाहेर पडत नाही. पण त्याचा प्रश्न निकडीचा होता. "सर, बाबांच्या गिटारच्या तारा गंजून गेल्या. नव्या आणल्या आहेत. पण त्या लावायच्या कोणत्या सुरात?"

त्याचे वडील रेल्वेत होते; आदल्या वर्षी ते निवर्तले. त्यांची गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवीत वाजवावयाची हवाईयन गिटार, आणि तीही आठ तारांची. आमच्या लहानपणी व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांनी अशा गिटारवर वाजविलेली सिनेगीते रेडिओवर नित्य लागत. शिप्ले यांची विजेची गिटार आठ तारांचीच होती. तीच हौस या गृहस्थांना लागली असावी. पेटीच्या अस्तरात त्यांच्या हस्ताक्षरातील एक चिठ्ठी होती. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत तिच्यावर लिहिले होते : ध सा ग प ध सा ग प.

मुलगा दर रविवारी धारवाडास गाणे शिकावयास जातो. त्याला या वाद्यावर राग वाजवावयाचे होते. आईचे म्हणणे एवढेच, की ह्यांनी लिहून ठेवले आहे त्यात फेरफार करू नये. निवाडा आमच्याकडे आला होता.

हे वाद्य मूळचे हवाई बेटांतले. जोसेफ केकुकू नावाचा एक शाळकरी मुलगा रेल्वेच्या रुळांवरून चालत असता त्याला लोखंडी बोल्ट सापडला, तो त्याने गिटारच्या तारांवरून घासला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही वादनपद्धती जन्मास आली, असे सांगतात. रेल्वेच्या गावात राहणाऱ्या आम्हांस ही कथा विशेष गोड वाटते. 1940 नंतरच्या काही वर्षांत ताऊ मो हे हवाईयन कलावंत कलकत्त्यास राहून वाजवीत, आणि हे वेड आपल्या देशात रुजण्यास त्यांचा मोठा हातभार लागला. अर्थात तारेवरून काही घसरवून मींड काढणे आपल्याला नवे नव्हते. उत्तरेत विचित्रवीणा आणि दक्षिणेत गोट्टुवाद्यम ही वाद्ये त्याच जातीची.

आता ती चिठ्ठी पाहा. पाश्चात्य वादक या जुळणीस सी सिक्स्थ म्हणतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर तो रिषभ वगळलेला भूप आहे. तिची खुबी अशी, की कांडी सरळ आडवी धरली असता सा-ग-प या तीन तारा छेडल्या तर प्रसन्न स्वरसंघ उमटतो आणि शेजारच्या ध-सा-ग छेडल्या तर उदास. सिनेसंगीतास दोन्ही लागतात. कांडी सरळ असल्याने तारांमधील अंतरे बदलता येत नाहीत. म्हणून जे हवे ते आधीच तारांत भरून ठेवावे लागते. तारांची संख्या सहावरून आठ, दहा अशी वाढत गेली ती याचसाठी.

रागाची गरज याच्या उलट. तेथे षड्ज स्थिर हवा आणि रागाबाहेरचा स्वर चुकूनही कानी पडता कामा नये. भीमपलासात गांधार कोमल. कांडीचा नुसता धक्का लागून शुद्ध गांधाराची तार बोलली तरी रागाचा रंग उतरला. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी हे वाद्य रागसंगीतात आणले. 1967 सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ते पंडित शिवकुमार शर्मा आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत ऐकू येतात. पुढे पंडित विश्वमोहन भट्ट यांनी तरफा व चिकारीच्या तारा जोडून मोहनवीणा घडविली आणि 1994 साली तिला ग्रॅमी पारितोषिकाचा मान मिळाला. तारा या मंडळींनीही वाढविल्या, पण त्या रागाच्या सेवेसाठी.

हे सारे मुलाला ऐकवून आम्ही, मास्तरकीच्या सवयीने, निकाल देऊन मोकळे झालो : धैवत-गांधार काढून टाक, षड्ज-पंचम तेवढे ठेव. त्याने मान डोलावली, पण चेहरा पडला. वडिलांच्या चिठ्ठीतील निम्मी अक्षरे आम्ही खोडली होती.

तो गेल्यावर आम्ही सहज कोपऱ्यातील तंबोरा मिळवावयास घेतला. तंबोरा मिरजेचा, तेथल्या सतार-तंबोऱ्यांस 2024 साली भौगोलिक मानांकन लाभले. पंचम, जोड आणि खर्ज या चार तारा नीट जुळल्या, जवारी लागली, आणि खर्जाच्या पोटातून गांधार बोलू लागला. त्या गांधाराची तार कोणी लावलेली नसते, म्हणून त्यास स्वयंभू म्हणतात. मिरजेत राहिलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आणि त्यांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व यांच्या परंपरेत ज्यांचे कान तयार झाले, त्यांना हे सांगावयास नको. हा गांधार पेटीच्या गांधाराहून किंचित उतरलेला असतो; अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर सुमारे चौदा भागांनी. आम्ही मनाशी शरमलो. जो स्वर खुद्द षड्जाच्या पोटी आहे, त्यास आम्ही परका ठरवून बाहेर काढले होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्हीच त्याच्या घरी गेलो. दोन तास खुंट्या पिळून जे ठरले ते असे. पहिली आणि पाचवी, या दोन धैवताच्या तारा एकेक स्वर उतरवून पंचमात आणल्या. तिसरी, खालच्या गांधाराची, काढून तेथे दुसरीच्याच जाडीची तार चढविली व ती षड्जात लावली. षड्जाची जोड झाली. सातवी, वरच्या गांधाराची, तेथेच ठेवली, मात्र ती पेटीवर न मिळविता तंबोऱ्यावर मिळविली. नवी जुळणी झाली : प सा सा प प सा ग प.

खुंटी फिरवावयाची ती एका सातव्या तारेचीच. यमन, भूप असेल तेव्हा ती शुद्ध गांधारात. भीमपलास असेल तेव्हा अर्धस्वर उतरवून कोमल. मालकंसासारख्या रागात पंचमच वर्ज्य; तेथे पंचमाच्या तारांचीही वेगळी सोय करावी लागेल, पण तो पुढचा धडा. आणि वरच्या तीन तारांवर सा-ग-प हा वडिलांचा प्रसन्न स्वरसंघ शाबूत राहिला. गांधार कोमल केला की त्याच तारांवर उदासही मिळतो.

मुलाने प्रथम यमनाचे चार आलाप घेतले. मग आईकडे पाहून एक जुने सिनेगीत वाजविले. हात अजून कच्चा आहे. कांडी दोनदा घसरली. माउली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. गीत संपल्यावर म्हणाली, "हे इथे थोडे लांबवायचे." एवढे बोलून ती चहा टाकावयास आत गेली.

आम्ही निघालो तेव्हा मुलगा चिठ्ठी पेटीत परत ठेवीत होता. वडिलांच्या ओळीतले एकही अक्षर त्याने खोडले नव्हते. तिच्याखाली आपल्या हाताने दुसरी ओळ तेवढी लिहिली होती.