अकरावीचे गणित कोणते घ्यावे?

लखनौजवळील मलिहाबाद दशेरी आंब्यासाठी सर्वश्रुत आहे. तेथील एखाद्या बागायतदाराचे मूल दहावी उत्तीर्ण होऊन केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळेत अकरावीस गेले, म्हणजे त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. या मंडळाने २०२०-२१ पासून ‘गणित’ या विषयाच्या जोडीला ‘उपयोजित गणित’ हा दुसरा अभ्यासक्रम ठेविला आहे. दोहोंपैकी एकच घेता येतो. पहिल्यात त्रिकोणमिती, कलन, सदिश व त्रिमितीय भूमिती यांवर भर असतो. दुसऱ्यात सांख्यिकी, व्याज व कर्जफेडीचे हिशेब यांवर.

पुष्कळ घरी ‘सोपे कोणते’ एवढ्यावरच या प्रश्नाचा निकाल लागतो. हे योग्य नव्हे. उपयोजित गणित म्हणजे दुय्यम गणित, ही समजूतही तितकीच चुकीची आहे.

एका मोठ्या बागेत किती फळ उतरेल याचा अंदाज करावयाचा आहे, असे समजू. सर्व झाडे मोजणे शक्य नसते. म्हणून चिठ्ठ्या टाकून २५ झाडे निवडावयाची, त्यांवरील फळे मोजावयाची, आणि सरासरीवरून साऱ्या बागेचा अंदाज बांधावयाचा. हे उपयोजित गणित होय, आणि बागायतदाराच्या घरी त्याचे मोल मोठे आहे. परंतु अंदाजातील संभाव्य चूक निम्मी करावयाची असेल, तर ५० झाडे पुरत नाहीत; सुमारे १०० मोजावी लागतात. असे का, हे कितीही फळे मोजली तरी कळत नाही. त्याचे उत्तर सिद्धतेत आहे, आणि सिद्धतेची सवय पहिला अभ्यासक्रम अधिक लावतो.

या बाबतीत पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) यांचे उदाहरण बोधप्रद आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचा मुख्य विषय गणित होता. पुढे लंडनला त्यांनी सांख्यिकीचा अभ्यास केला. स्वदेशी परतल्यावर, निवडक शेतांतील पीक कापून व मोजून साऱ्या प्रदेशाचे उत्पन्न अजमावण्याच्या पद्धतीला त्यांनी शास्त्रीय बैठक दिली. आणि १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले. पाया आधी पडला होता. उपयोग मागाहून आला.

यावरून सर्वांनी पहिलाच अभ्यासक्रम घ्यावा, असे मात्र ठरत नाही. ज्याचा ओढा निश्चितपणे वाणिज्याकडे किंवा समाजशास्त्रांकडे आहे, त्याने उपयोजित गणित निःशंकपणे घ्यावे. मात्र इच्छित महाविद्यालयाचे प्रवेशनियम आधी पाहावेत. ज्याचे काहीच ठरलेले नाही आणि ज्याला कष्टांची तयारी आहे, त्याने गणित घ्यावे. गणिताकडून सांख्यिकीकडे वा अर्थशास्त्राकडे वळता येते. उपयोजित गणिताकडून अभियांत्रिकीकडे वा भौतिकशास्त्राकडे वळणे फार कठीण जाते.

अवघड विषयात गुण कमी पडतील, ही पालकांची भीती निराधार नाही. शिकविणारा चांगला नसेल, तर ती खरीही ठरते. म्हणून या निवडीचा भार पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर एकट्यावर टाकू नये. मलिहाबादचा बागायतदार कलम बांधण्यापूर्वी खुंट पारखून घेतो. तद्वत शिक्षकांनीही अर्ज भरण्यापूर्वी दोन्ही पुस्तके विद्यार्थ्यापुढे उघडावीत, प्रत्येकातील चार उदाहरणे त्याच्याकडून सोडवून घ्यावीत, आणि मगच त्याचे मत विचारावे.