ऑफिसचा शेअर्ड फोल्डर अचानक उघडेना? बिघाड नाही, बदल आहे

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि बऱ्याच छोट्या ऑफिसांत विंडोज ११ आलं. तेव्हापासून एक तक्रार सारखी ऐकतोय: "कालपर्यंत चालणारा फोल्डर आज उघडत नाही." ओळखीच्या एका सीए ऑफिसात तर ऐन रिटर्न भरायच्या दिवसांत हे झालं.

कारण असं. विंडोज ११ प्रो मध्ये २४एच२ व्हर्जनपासून नेटवर्कवरचा बिनपासवर्डचा 'गेस्ट' प्रवेश बंद आहे, आणि फाईल शेअरिंगच्या प्रत्येक मेसेजवर डिजिटल सही सक्तीची आहे. ती सही करायची किल्ली युजरच्या पासवर्डवरून बनते. गेस्टला पासवर्डच नाही, मग किल्ली येणार कुठून?

सेटिंग बदलून जुनी पद्धत परत चालू करता येते. तसे व्हिडिओही ढिगाने आहेत. माझं मत: करू नका. त्या फोल्डरमध्ये लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट असतात आणि ऑफिसचं वायफाय निम्म्या बिल्डिंगला माहीत असतं. एका पीसीत रॅन्समवेअर शिरलं, तर त्या पीसीला जिथे जिथे लिहायची परवानगी आहे ते सगळं लॉक होतं. 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' असेल तर मग संपलंच.

शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये डीपीडीपी कायद्याचे नियम आलेत. डेटा कोण उघडू शकतो यावर नियंत्रण आणि वर्षभराचे लॉग, हा भाग १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होईल. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. (छोट्या ऑफिसला एवढा बसेल असं नाही, घाबरू नका.) पण लॉगमध्ये सगळीकडे 'गेस्ट' दिसत असेल, तर फाईल कोणी नेली हे सांगणार कसं?

तर सर्व्हरवर प्रत्येकाचं वेगळं अकाउंट करा. परवानगी माणसाला नको, ग्रुपला द्या. विंडोज सर्व्हरवर शेअरची आणि एनटीएफएसची अशा दोन परवानग्या असतात. दोन्हींत जी कडक, ती चालते. 'परवानगी दिली तरी सेव्ह होत नाही' याचं कारण बहुतेक वेळा हेच. कोणी नोकरी सोडली तर अकाउंट आधी डिसेबल करा, लगेच डिलीट नको. त्याच नावाने पुन्हा बनवलं तरी आतला आयडी वेगळा असतो, त्यामुळे जुने हक्क परत येत नाहीत.

त्या सीए ऑफिसात अकरा अकाउंट्स करायला एक दुपार पुरली. पगाराचा फोल्डर कोणाला दिसावा, यावर मात्र दोन दिवस वाद चालला.